२३ फेब्रुवारी १९८१: स्पेनच्या संसदेतलं फसलेलं बंड – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोक्यावर चकाकती काळी टोपी, भरघोस मिशा, एका हातात पिस्तूल आणि दुसरा हात उंचावलेला. संसदेच्या व्यासपीठावर उभ्या असलेल्या या अधिकाऱ्याचा फोटो बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. स्पेनमध्ये त्या दिवसाला नुसतं ‘२३-एफ’ म्हणतात. एफ म्हणजे फेब्रुवारी. फोटो सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण त्यामागचा घोळ फारसा कुणाला ठाऊक नसतो. आणि माझ्या मते हे बंड बुडालं ते त्या घोळामुळेच.

त्या दिवशी नेमकं काय झालं?

सोमवारची संध्याकाळ होती. माद्रिदमध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहात नव्या पंतप्रधानाच्या निवडीसाठी मतदान चालू होतं. लिओपोल्दो काल्वो-सोतेलो यांना आधीच्या शुक्रवारी १६९ मतं मिळाली होती आणि लागणार होती १७६. म्हणून ही दुसरी फेरी. सदस्यांची नावं एकेक करून पुकारली जात होती. ६ वाजून २३ मिनिटांनी मानुएल नुन्येस एनकाबो या समाजवादी सदस्याचं नाव घेतलं गेलं आणि तेवढ्यात बाहेर गलका झाला. लेफ्टनंट कर्नल आंतोनियो तेखेरो सुमारे २०० सशस्त्र जवान घेऊन आत घुसला, व्यासपीठावर चढला आणि सगळ्यांना जागच्या जागी थांबायला फर्मावलं. मग छताच्या दिशेने गोळ्यांच्या फैरी झडल्या. साडेतीनशे सदस्यांचं सभागृह, त्यात अख्खं मंत्रिमंडळ, सगळे ओलीस.

त्याच सुमाराला पूर्व किनाऱ्यावरच्या व्हॅलेन्सियात लेफ्टनंट जनरल हायमे मिलान्स देल बॉश याने रणगाडे रस्त्यावर उतरवले. दुसऱ्या दिवशी दुपारी, जवळजवळ साडेसतरा तासांनी, ओलीस सुटले. या सगळ्यात एकही माणूस मेला नाही.

हे सैन्याचं बंड होतं की पोलिसांचं?

तेखेरो होता सिव्हिल गार्डचा. हे दल काम पोलिसांचं करतं, पण त्याची घडण, हुद्दे आणि शिस्त लष्करी. व्हॅलेन्सियातलं सैन्य मात्र नियमित लष्कर होतं आणि कटातले वरचे लोकही लष्करातलेच. त्यामुळे लष्करी बंड म्हणणंच बरोबर.

लष्कराला एवढा राग कशाचा होता?

हुकूमशहा फ्रँको १९७५ च्या नोव्हेंबरात वारला, पण त्याचं सैन्य त्याच्याबरोबर गेलं नाही. १९३६-३९ चं यादवी युद्ध जिंकलेलं सैन्य होतं ते. वरच्या हुद्द्यांवरचे अधिकारी त्या युद्धात लढलेले, आणि ज्यांना हरवलं त्यांच्याशी एका टेबलावर बसणं हे त्यांच्या पचनी पडणारं नव्हतं. एप्रिल १९७७ मध्ये, ईस्टरच्या आदल्या दिवशी, पंतप्रधान आदोल्फो स्वारेस यांनी कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठवली. नौदल मंत्र्याने तडक राजीनामा दिला. बाकीच्यांनी तो दिला नाही, पण विसरलेही नाहीत.

त्यानंतर १९७८ ची राज्यघटना आली, बास्क आणि कातालान प्रदेशांना स्वायत्तता आली. सैनिकी मेजवान्यांत ‘देशाचे तुकडे होताहेत’ असं उघड बोललं जाऊ लागलं. त्यात ‘एता’ या बास्क संघटनेचं हत्यासत्र सुरूच होतं. एकट्या १९८० मध्ये तिने नव्वदहून अधिक माणसं मारली. मेलेल्यांत गणवेशातले पुष्कळ. अंत्ययात्रा बराकीतून निघायच्या आणि घोषणा सरकारविरुद्ध व्हायच्या. महागाई आणि बेकारी होतीच. स्वतःच्या पक्षातच एकटे पडलेल्या स्वारेस यांनी २९ जानेवारी १९८१ रोजी राजीनामा जाहीर केला. पुढच्याच आठवड्यात ‘एता’ने पळवून नेलेल्या होसे मारिया रायन या अणुवीज प्रकल्पाच्या अभियंत्याला ठार केलं.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ‘एखाद्या जनरलच्या हाताखाली सर्वपक्षीय सरकार आणलं तर?’ ही चर्चा तेव्हा फक्त बराकीत नव्हती. माद्रिदच्या राजकीय वर्तुळात, जेवणाच्या टेबलांवर, चांगले लोकनियुक्त पुढारीही हा विषय चघळत होते. आग लावणारे वेगळे होते, पण गवत वाळवायला बऱ्याच जणांचे हात लागले होते.

तेखेरोला आधीच पकडलं होतं, हे खरं आहे का?

खरं आहे. नोव्हेंबर १९७८ मध्ये माद्रिदच्या ‘गालाक्सिया’ नावाच्या कॅफेत बसून त्याने मंत्रिमंडळाला बैठकीतच कोंडायचा बेत आखला होता. बेत फुटला, खटला चालला आणि शिक्षा झाली सात महिन्यांची. ती कैदेत असतानाच भरून निघाली. हुद्दा शाबूत, नोकरी शाबूत. सरकार उलथायला निघालेल्या माणसाला सात महिन्यांत मोकळं सोडलं, तर तो पुढच्या वेळी जास्त माणसं घेऊन येणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? पुढच्या खेपेला त्याने जुन्या बस विकत घेऊन ठेवल्या होत्या, जवानांना वाहून नेण्यासाठी.

मग सूत्रधार कोण?

सूत्र तीन हातांत होतं आणि प्रत्येक हात वेगळ्या दिशेला ओढत होता. २३-एफ समजून घ्यायचं तर एवढं कळलं तरी पुरे.

तेखेरोला हवी होती निव्वळ लष्करी राजवट. पक्ष नकोत, स्वायत्त प्रदेश नकोत, कम्युनिस्ट तर नकोतच. त्याच्या डोक्यात गुंतागुंत नव्हती.

मिलान्स देल बॉश हा जुन्या सेनानी घराण्यातला. यादवी युद्धात कॅडेट असताना तोलेदोच्या अल्काझार किल्ल्याच्या वेढ्यात तो आत होता. पुढे हिटलरच्या बाजूने रशियात लढायला गेलेल्या स्पॅनिश तुकडीतही होता. पण तो कट्टर राजनिष्ठ. त्याला राजा हवाच होता, फक्त राजाच्या शेजारी पंतप्रधानाऐवजी जनरल हवा होता.

तिसरा जनरल आल्फोन्सो आर्मादा. हा सगळ्यांत मऊ बोलणारा. राजा हुआन कार्लोस राजपुत्र असल्यापासून हा त्यांच्या जवळचा. राजवाड्याचा सचिव म्हणून त्याने अनेक वर्षं काढलेली. त्याचा बेत असा, की संसद धोक्यात आली की आपण तारणहार म्हणून जायचं, सर्व पक्षांचं सरकार सुचवायचं, त्याचं प्रमुखपद आपल्याकडे घ्यायचं आणि हे सगळं संसदेच्या मतदानानेच करून घ्यायचं. कायद्याच्या कागदात गुंडाळलेलं बंड. बंडाच्या काही दिवस आधीच तो भूदलाचा उपप्रमुख म्हणून माद्रिदला आला होता.

तिघांना जोडणारा धागा एकच: ‘हे राजाच्या नावाने चाललंय.’ तेखेरोने जवानांना हेच सांगितलं, मिलान्सने आपल्या अधिकाऱ्यांना हेच सांगितलं, आणि या समजाचा उगम होता आर्मादा. धागा तुटला की मोळी सुटणार हे उघड होतं.

‘पांढरा हत्ती’ म्हणजे कोण?

सभागृह ताब्यात आल्यावर एका कॅप्टनने ओलिसांना सांगितलं, की थोड्याच वेळात योग्य ते अधिकारी येतील, ‘अर्थातच लष्करी’, आणि पुढे काय ते सांगतील. त्या येणाऱ्या माणसाला कटवाल्यांच्या बोलीत ‘पांढरा हत्ती’ असं नाव होतं. (आपल्याकडचा पोसायला महाग पडणारा पांढरा हत्ती इथे अभिप्रेत नाही.) आर्मादा की मिलान्स की आणखी कुणी, यावर स्पेनमध्ये आजही वाद घालतात. त्या रात्री त्या वर्णनाचा कुणीही येऊन व्यासपीठावर उभा राहिला नाही, एवढं पक्कं.

सगळे सदस्य बाकाखाली लपले होते का?

गोळ्या सुटल्यावर जवळजवळ सगळेच खाली गेले, आणि त्यांना हसण्याचा अधिकार डोक्यावरून फैर झडलेली नसणाऱ्यांना नाही. तिघे मात्र खाली गेले नाहीत.

पहिले उपपंतप्रधान गुतिएरेस मेयादो. वय ६८, स्वतः लेफ्टनंट जनरल. ते उठून थेट बंदूकवाल्यांच्या अंगावर गेले आणि एका वरिष्ठाने कनिष्ठाला द्यावा तसा हुकूम देऊ लागले. तेखेरोने त्यांना मागून धरून पाय घालून पाडायचा प्रयत्न केला. म्हाताऱ्याने बाक धरून ठेवलं, पडला नाही. त्यांच्यासाठी उठलेले, आणि मग आपल्या जागेवर ताठ बसून राहिलेले दुसरे स्वारेस. तिसरे कम्युनिस्ट नेते सांतियागो कारिय्यो.

या त्रिकुटाकडे जरा थांबून पाहावं. मेयादो यादवीत फ्रँकोच्या बाजूने लढलेले. स्वारेस फ्रँकोच्या एकमेव अधिकृत पक्षाचे सरचिटणीस राहिलेले. आणि कारिय्यो याच दोघांच्या बाजूचा जन्माचा शत्रू. आपापल्या जुन्या गोटाने ज्यांना गद्दार ठरवलं, नेमके तेच तिघे गोळ्यांसमोर बसून होते.

हे सगळं चित्रित कसं झालं?

मतदानाचं चित्रण करायला सरकारी दूरचित्रवाणीचे कॅमेरे आत होतेच. ते बंद करायला सांगितलं गेलं, पण एक कॅमेरा साधारण अर्धा तास चालूच राहिला. मात्र हे चित्रण लोकांनी पाहिलं ते दुसऱ्या दिवशी, ओलीस सुटल्यावर. त्या रात्री देश रेडिओवर जगला. ‘कादेना सेर’ या खासगी केंद्राचं संसदेतून थेट प्रसारण चालू होतं, त्यामुळे गोळ्यांचा आवाज घराघरात पोचला. लोक खिडक्या लावून, कानाशी ट्रान्झिस्टर धरून बसले. म्हणून त्या रात्रीचं नावच ‘ट्रान्झिस्टरची रात्र’ पडलं. ‘एल पाइस’ या वृत्तपत्राने रातोरात खास अंक काढला, घटनेच्या बाजूने असल्याचं मथळ्यातच सांगणारा. संसदेभोवती बंदुका असताना तो अंक विकला गेला.

राजाने नक्की काय केलं?

फोन. त्या रात्रीचा बराचसा इतिहास टेलिफोनवर घडलाय.

माद्रिदजवळच्या ब्रुनेते चिलखती डिव्हिजनवर सगळं अवलंबून होतं. ती राजधानीत घुसली असती तर पुढचं चित्र वेगळं दिसलं असतं. तिचे प्रमुख जनरल हुस्ते यांना सांगण्यात आलं होतं, की आर्मादा राजवाड्यात राजाजवळ बसून सूत्रं हलवतोय. हुस्ते यांना शंका आली. त्यांनी सार्सुएला राजवाड्यात फोन लावून विचारलं, आर्मादा तिथे आहे का? राजाचे सचिव साबिनो फेर्नांदेस काम्पो यांनी उत्तर दिलं: ‘नाही, आणि येणं अपेक्षितही नाही.’ स्पॅनिशमध्ये हे वाक्य आता वाक्प्रचार होऊन बसलंय. हुस्ते यांनी निघालेल्या तुकड्या मागे बोलावल्या. एका तुकडीने तोवर दूरचित्रवाणी केंद्र व्यापलं होतं आणि रेडिओवर लष्करी संचलनाच्या धून सुरू केल्या होत्या. तीही काही वेळाने माघारी गेली.

आर्मादाने ‘मी राजवाड्यात येतो’ असा लकडा लावला होता. त्याला येऊ दिलं नाही. तो राजाच्या शेजारी नुसता दिसला असता तरी बाकीच्यांनी संमती समजून घेतली असती. इकडे राजा एकेका लष्करी विभागाच्या प्रमुखाला फोन करत होते. ११ विभाग, ११ कॅप्टन जनरल. रात्री १ वाजून १४ मिनिटांनी कॅप्टन जनरलच्या गणवेशात ते पडद्यावर आले. भाषण दीड-दोन मिनिटांचं. मतलब असा, की लोकांनी सार्वमताने मंजूर केलेली लोकशाही वाटचाल बळाने रोखण्याचा कुठलाही प्रयत्न राजमुकुट खपवून घेणार नाही.

भाषणाला एवढा उशीर का झाला? राजाला आधीच कटाची कल्पना होती का?

उशिराचं एक कारण साधं आहे: दूरचित्रवाणी केंद्रच काही काळ बंडखोरांच्या ताब्यात होतं, आणि मोकळं झाल्यावर चमूला राजवाड्यात येऊन चित्रण करून टेप परत न्यायची होती. पण सहा-सात तासांचा सगळा हिशेब याने लागतो असं न मानणारेही पुष्कळ आहेत.

दुसरा प्रश्न जास्त अवघड. खटल्यात आरोपींचा बचावच हा होता, की आम्ही राजाची आज्ञा समजून वागलो. न्यायालयाने तो मानला नाही. राजाने हुकूम दिल्याचा पुरावा समोर आला नाही. पण आर्मादा त्या महिन्यांत राजाला भेटत होता, त्याची माद्रिदला बदली व्हावी ही राजाची इच्छा होती, आणि स्वारेस यांच्यावरची नाराजी राजाने लपवलेली नव्हती. मला विचाराल तर हुकूम देणं वेगळं आणि समोरच्याला ‘यांची मूक संमती आहे’ असं वाटू देणं वेगळं. पहिलं घडलं असं मला वाटत नाही. दुसऱ्यापासून राजाला पूर्ण मोकळं सोडणं मात्र कठीण जातं. राजाच्या पुढच्या आयुष्यातल्या आर्थिक भानगडी, २०१४ चा पदत्याग, २०२० मध्ये देश सोडून अबुधाबीला जाणं, यांमुळे लोक आता त्या रात्रीकडेही संशयाने पाहतात. त्यात न्याय थोडा आणि चीड जास्त आहे.

आर्मादा मध्यरात्री संसदेत गेला तेव्हा काय झालं?

माझ्या दृष्टीने त्या रात्रीचा कळसाध्याय हाच.

आर्मादा संसदेत पोचला. परवलीचा शब्द होता ‘दुके दे आउमादा’, म्हणजे सिव्हिल गार्डच्या संस्थापकाची पदवी. तेखेरोने त्याला आत घेतलं आणि दोघे एका खोलीत बसले. आर्मादाने बेत मांडला: मी सभागृहासमोर जाऊन सरकार सुचवतो, तुम्हाला आणि तुमच्या माणसांना परदेशी जायला विमान मिळेल. तेखेरोने विचारलं, सरकारात कोण कोण? आर्मादाने नावं सांगितली. त्यात समाजवादी होते, त्यांचे नेते फेलिपे गोन्सालेस उपपंतप्रधान म्हणून, आणि कम्युनिस्टही होते.

तेखेरो उसळला. ज्यांना संपवायला आपण संसदेत घुसलो त्यांनाच मंत्री करायचं? मिलान्सने फोनवरून समजूत घातली, तीही फुकट गेली. आर्मादाला त्याने सभागृहाच्या दारातूनही आत जाऊ दिलं नाही. म्हणजे बंडाला यशाची जी एकमेव खरी वाट होती ती बंडाच्याच म्होरक्याने बंद केली. भेदरलेल्या साडेतीनशे माणसांसमोर पहाटे एक सुटकेचा मार्ग ठेवला असता तर त्यांनी काय केलं असतं, हा विचार आजही अंगावर येतो.

मग लोकशाही राजाने वाचवली की तेखेरोच्या हट्टाने?

दोघांनी, आणि तिसऱ्या एका गोष्टीने, जी उत्सवी भाषणांत येत नाही. बहुतेक कॅप्टन जनरल लोकशाहीचे चाहते नव्हते. त्यांतले काही त्या संध्याकाळी कुंपणावर बसून वारा कुठल्या दिशेने वाहतो ते पाहत होते. माद्रिदचे प्रमुख किंताना लाकासी यांनी मात्र पहिल्यापासून आपल्या तुकड्या रोखून धरल्या. ते फ्रँकोवादी होते, तसं उघड सांगायचे. पण फ्रँकोने वारस म्हणून हुआन कार्लोस यांना नेमलं होतं आणि देशवासीयांनी त्यांच्याशी निष्ठा ठेवावी असं मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. राजा ‘थांबा’ म्हणाला म्हणून हे थांबले. घटनेवरच्या प्रेमापेक्षा हुकमाच्या सवयीनेच त्या रात्री घटना जास्त वाचवली. याच लाकासींना ‘एता’ने जानेवारी १९८४ मध्ये, निवृत्तीनंतर, माद्रिदमध्ये गोळ्या घातल्या.

त्या रात्री सरकार कोण चालवत होतं?

मंत्री कोंडलेले असल्यामुळे खात्यांच्या सचिव-उपसचिवांचं हंगामी सरकार बसवलं गेलं. प्रमुख होते सुरक्षा संचालक फ्रान्सिस्को लाइना. देशाला मुलकी सरकार आहे हे दाखवण्यापुरतं तरी ते गरजेचं होतं.

व्हॅलेन्सियात काय चाललं होतं?

मिलान्सने फर्मान काढलं: रात्री ९ ते सकाळी ७ संचारबंदी, संपांना बंदी, पक्षांच्या हालचालींना बंदी. चौकाचौकांत रणगाडे उभे राहिले, काही तर लाल दिव्याला थांबल्याच्या आठवणी लोक सांगतात. इतर विभाग साथ देतील या भरवशावर तो होता. कुणी आलं नाही. राजाचा लेखी आदेश आल्यावर पहाटे त्याने फर्मान मागे घेतलं.

शरणागती कशी झाली?

२४ तारखेच्या सकाळी आतले काही जवान खिडक्यांतून उड्या मारून बाहेर पडू लागले. एव्हाना कळलं होतं, की कुणी येणार नाही. शेवटच्या अटी कागदावर लिहून संसदेबाहेर उभ्या असलेल्या लँड रोव्हरच्या बॉनेटवर सह्या झाल्या, म्हणून तो ‘बॉनेट करार’. मुख्य अट: खालच्या हुद्द्यांच्या माणसांवर खटले नकोत. मध्यस्थांत आर्मादा होता! तोवर त्याच्यावर उघड आळ आलेला नव्हता. पदावरून हटवणं आणि अटक त्यानंतर लगेच झाली.

शिक्षा काय झाल्या?

३३ जणांवर खटला चालला, त्यांपैकी मुलकी माणूस फक्त एक. जून १९८२ मध्ये लष्करी न्यायालयाने तेखेरो आणि मिलान्स यांना ३० वर्षं दिली, आर्मादाला अवघी ६. सरकारने अपील केलं आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आर्मादाचीही शिक्षा ३० वर्षं केली. एवढी मात्र कुणीच भोगली नाही. आर्मादा प्रकृतीच्या कारणावरून १९८८ च्या अखेरीस माफी मिळून सुटला आणि गालिसियात कॅमेलियाची झाडं वाढवत बसला. मिलान्स १९९० मध्ये सुटला. सर्वांत शेवटी, १९९६ मध्ये, तेखेरो.

बंडाचा काहीच परिणाम झाला नाही, असं म्हणायचं का?

नाही. २५ तारखेला त्याच सभागृहात काल्वो-सोतेलो १८६ मतांनी निवडून आले. २७ ला माद्रिदमध्ये लाखोंचा मोर्चा निघाला. पुढच्या वर्षी स्पेन नाटोत गेला आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये समाजवादी २०२ जागा जिंकून सत्तेवर आले. त्या निवडणुकीच्या आदल्या दिवसासाठी आखलेला आणखी एक कट वेळीच उघडकीला आला. दुसरीकडे, प्रदेशांच्या स्वायत्ततेला वेसण घालणारा कायदा मोठ्या पक्षांनी मिळून आणला, त्याला बंडाच्या भीतीची फोडणी होतीच. त्यातला बराच भाग नंतर घटना न्यायालयाने रद्द केला.

छतातले गोळ्यांचे व्रण अजून दिसतात का?

दिसतात. ते मुद्दाम तसेच ठेवलेत आणि संसद पाहायला येणारे मान वर करून आधी तेच शोधतात. २०१३ मध्ये छताची दुरुस्ती करताना कामगारांनी त्यांतली काही भोकं बुजवून टाकली, तेव्हा संसदेत चांगलीच ओरड झाली होती.